तिनं मांडलेला पाट

सन १९६३, मार्गशीर्षातला सोमवार, सकाळ. हजर: पार्वताबाई, आजारी. तिचे यजमान गुरुलिंगअप्पा. मुलगा मन्मथ. सून शकुंतला. शेजारची म्हातारी भागीरथीबाई, कमरेवर पाण्याची कळशी. उचलायला आलेले चौघे. आणि उशिरा पोचलेली मी, गावच्या सरकारी दवाखान्यातली नर्स.

ही हजेरी मनातल्या मनात मी किती वेळा घेतली असेल, कोण जाणे. तोंडाने एकदाही नाही. बहिणीला नाही, डॉक्टरांना नाही, सोमवारी देवापुढे बसते तेव्हाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं. बघू.

मी शिस्तीची बाई आहे. दवाखान्यात कात्री कुठे, कापूस कुठे, स्पिरिट कुठे, हे मी अंधारातही सांगेन. डॉक्टर फक्त बाजाराच्या दिवशी यायचे. बाकीचा आठवडा मी आणि माझी कामांची यादी. काम संपलं की त्यावर काट मारायची — ही सवय मला नर्सिंग शिकताना लागली आणि मग सुटली नाही. गाव दारव्ह्याच्या सडकेपासून आत. मधे नाला आणि काळी माती. पाऊस सरून दोन महिने झाले तरी त्या वाटेवर गाडीचं चाक रुतायचं. आजारी माणसाला सडकेपर्यंत न्यायचं म्हणजे बाजेवर घालून चौघांनी उचलायचं. सगळे तसंच करत. पाय मोडलेला असो, बाळंतीण असो, नाहीतर दम लागलेला असो — आडवं घालायचं, वरून पांघरूण टाकायचं आणि निघायचं.

दम लागलेल्याला आडवं घालू नये. हे मी शिकले होते आणि डोळ्यांनी पाहिलंही होतं. हृदय थकलं की फुप्फुसात पाणी उतरतं. माणूस आडवा झाला की ते छातीभर पसरतं. बसला, पाय खाली सोडले, की वर थोडी जागा उरते. त्या थोड्या जागेवर माणूस सडकेपर्यंत जगू शकतो. प्राणवायूचं नळकांडं आमच्याकडे कुठलं? आमच्याकडे ती थोडी जागाच होती.

म्हणून मी खुर्ची करून घेतली. दवाखान्यातली हातांची लाकडी खुर्ची, सुताराकडून तिला दोन्ही बाजूंनी लोखंडी कड्या, कड्यांतून दोन बांबू. छातीवरून कापडाची पट्टी, म्हणजे माणूस पुढे कलंडणार नाही. पहिल्यांदा तांड्यावरचा एकजण तिच्यातून गेला, पाय मोडलेला. मग बौद्धवाड्यातले शाळामास्तरांचे वडील, जुने दमेकरी. त्यांच्या घरात तेव्हा भिंतीवरच्या तसबिरी बदलून फार वर्षं झाली नव्हती. म्हाताऱ्याला धड बोलता येत नव्हतं, तरी खुर्चीत बसल्यावर दोन दोन शब्द तोडत मला म्हणाला, "बाई, जन्मात पयल्यांदा — खुर्ची भेटली — तेही श्वास अडकल्यावर." उचलणारे हसले. मीही हसले. तो दारव्ह्याहून आपल्या पायांनी परत आला.

मग मी खुर्ची यादीत लिहिली आणि पुढे काट मारली. झालं काम.

झालं होतं का?

मी लिंगायत घरातली. हे मी मुद्दाम आत्ता सांगते आहे, कारण इथेच माझी पहिली चूक आहे, आणि तिला अज्ञान म्हणता येत नाही. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालतात, कपाळभर भस्म लावतात, मांडी घालून बसवतात. बांबूचं विमान करतात, झेंडूच्या माळा लावतात, छातीवरून कापड बांधून देह पाठीला टेकवतात, आणि चौघे खांद्यावर घेऊन निघतात. पुरतातही बसवूनच. माझे वडील असेच गेले. रस्त्यातले लोक थांबून हात जोडत होते, ते मी लहानपणी पाहिलेलं. तरी खुर्ची करताना, पट्टी शिवताना, मला ते आठवलं नाही. का नाही आठवलं? सुताराला कड्यांचं माप द्यायचं होतं, म्हणून? मी सगळं तपासलं — बांबूचा जोर, खुर्चीची उंची, वळणावर कसं धरायचं. ती खुर्ची आपल्याच घरांतून बाहेर पडताना कशी दिसेल, एवढंच तपासलं नाही.

आता मुद्द्यावर येते. येते म्हणते आणि पुन्हा मागे जाते — पण शकुंतलेचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

शकुंतला फुलसावंगीची. लग्न होऊन नुकतीच आलेली. बडबडी नव्हती, विचारायची मात्र नेमकं. त्या दिवाळीच्या सुमाराला दवाखान्यात आली, एकटीच. म्हणाली, "बाई, आत्याबाईचे पाय सुजते. आन् लेटलं का छाती भरते, बसलं का मोकळी होते. असं काहून होते?"

मी तिला सगळं समजावलं. अंगठ्याने पाय दाबून खड्डा पडतो का पाहायचं. बोलताना वाक्य तुटतं का, नाकपुड्या फुगतात का, नखं निळी दिसतात का. दम चढला तर पाणी पाजायचं नाही, चालवायचं नाही, भोवती गर्दी करू द्यायची नाही. काठावर बसवायचं, पाय खाली, पुढ्यात उशांची चळत, त्यावर हात टेकवायचे. आडवं करायचं नाही, कोणी काहीही म्हणो. आणि शेवटी म्हणाले — हे शब्द माझे आहेत, मी ते विसरलेले नाही — "मी कुठे बाळंतपणाला गेलेली असेन तर वाट बघू नकोस. खुर्ची मागव, बसव आणि सडकेला लाव. मी मागून गाठते."

दवाखान्यात तेव्हा आम्ही दोघीच होतो. तिने सगळं परत म्हणून दाखवलं. कुठे चुकली नाही.

त्या सोमवारी मी खरंच बाळंतपणाला गेले होते. निरोप आला तशी हात धुतले आणि धावत निघाले. गुरुलिंगअप्पांच्या दारापुढे पोचले तेव्हा खुर्ची उंबऱ्यातून बाहेर येत होती.

काय काय बरोबर होतं, ते सांगू? पाय खाली सोडलेले. पाठ ताठ. चोळीच्या गाठी सैल. तोंडाशी कोणी पाण्याचा पेला धरला नव्हता. सगळं मी सांगितलं तसं. पार्वताबाईच्या कपाळावर पहाटेच्या पूजेचं भस्म तसंच होतं. थकून तिने डोळे मिटले होते. छातीवरून लुगड्याची पट्टी होती. चौघांनी बांबू खांद्यावर घेतले.

भागीरथीबाई विहिरीवरून येत होती. तिने समोर पाहिलं, कळशी खाली ठेवली आणि हात जोडले.

बस, एवढंच झालं. म्हातारीने काही वाईट मनात आणलं नव्हतं. जन्मभराची सवय. पण त्या क्षणी सगळ्यांना तेच दिसलं जे तिला दिसलं होतं. मलासुद्धा. मला माझे वडील दिसले.

"उतरवा," मन्मथ म्हणाला. "उतरवा पयले मायले."

खुर्ची खाली ठेवली. अप्पा ओसरीवरून उतरले. आवाज चढवणारा माणूस नव्हे तो. सुनेला म्हणाले, "जित्या माणसाले असं बसवते काय कोणी? कोणं सांगतलं तुले हे?"

शकुंतलेने माझ्याकडे हात केला. तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता — बाई आल्या, आता बाई सांगतील.

"बाईनं," ती म्हणाली.

अप्पा माझ्याकडे वळले. चिडून नाही. मला वाट काढून देत असल्यासारखे. "खुर्ची दवाखान्याची हाय, मले मालूम हाय. लोकायसाठी ठेवली, चांगलं केलं. पण बाई, तुमी तं आपल्यातल्याच. आपल्या घरच्या माणसाले असं बसवा — तुमी असं सांगान काय?"

आणि मी म्हणाले, "नाही. मी हिला असं काही सांगितलं नव्हतं."

ज्याच्याभोवती मी इतका वेळ फिरते आहे, ते हे वाक्य आहे. कोणी मला धमकावलं नव्हतं. विचार करायला वेळ नव्हता असंही नाही. खोटं पूर्ण वाक्यात बोलण्याइतका वेळ होता.

नंतर बरीच वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आले. त्या घराने मला पहिल्यांदा सणाला जेवायला बोलावलं. एकट्या राहणाऱ्या नोकरीवाल्या बाईला ओसरीवर बसवून घेतलं, म्हणून बाकीच्या घरांची दारं उघडली, म्हणून बायका बाळंतपणाला दवाखान्यात येऊ लागल्या. ते घर तुटलं असतं तर किती बाळंतिणींचं नुकसान झालं असतं! चांगली मांडणी आहे, नाही का? पण त्या क्षणी माझ्या मनात एकही बाळंतीण नव्हती. समोर चेहरे होते, आणि ते शकुंतलेकडे पाहत होते तसे माझ्याकडे पाहू नयेत, एवढंच मला हवं होतं.

शकुंतला म्हणाली, "बाई—" आणि थांबली.

पार्वताबाईला बाजेवर आडवं घातलं. मी सोबत चालले. मी गोधडीची घडी करून तिच्या डोक्याखाली सरकवली. गोधडीने काय होतं? निम्मी छाती वर आणायला हवी होती. वाटेत मी एकदा म्हणाले, "जरा उंच करू या का?" एकदाच, आणि हळू. मन्मथ बाजेला धरून चालत होता, त्याने ऐकलं नसेल. मी पुन्हा म्हणाले नाही. ती कोपरावर जोर देऊन उठायला बघत होती. बाजेचा काठ हाताने चाचपत होती. दर वेळी मन्मथ तिच्या खांद्यावर हात ठेवून मायेने तिला खाली दाबायचा. "पडून राय, आई. पोचलोच आता. पडून राय." त्याला काय ठाऊक? मला ठाऊक होतं. श्वासाबरोबर आत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज यायला लागला होता. तो आवाज कशाचा, हे त्या वाटेवर एकटी मी जाणत होते. नाला ओलांडला तेव्हा ओठांच्या कडेला गुलाबीसर फेस आला. सडक दिसत होती. सडकेवरची बाभळसुद्धा दिसत होती.

ती तिथेच गेली.

खुर्चीतून नेली असती तर वाचली असती का? मला ठाऊक नाही. कदाचित दारव्ह्यालाही काही करता आलं नसतं. पण या 'कदाचित'च्या आड मी पुष्कळ दिवस बसून काढलेत. तिथून आता उठायला हवं. ती श्वास घ्यायला उठत होती आणि मी तिला उठू दिलं नाही — एवढं कदाचित नाही.

दुपारी तिला बसवली. विमान बांधलं, माळा लावल्या, छातीवरून कापड बांधलं. मी गर्दीत उभी होते. आता पाठ अगदी ताठ होती. शकुंतलेला कोणी पुढे येऊ दिलं नाही. ती गोठ्याच्या दाराशी उभी होती.

गावात गोष्ट एका संध्याकाळीत तयार झाली. सुनेनं सासूला जित्तेपणी बसवली, म्हणून ती गेली. कोणी तिला मारलं नाही, माहेरी धाडलं नाही. अप्पा तसे नव्हतेच. फक्त त्या घरात तिच्या हातचा पाट बंद झाला. जेवायला पाहुणा आला की ती वाढायची, पाणी द्यायची, उष्टी काढायची. पाट मात्र दुसऱ्या कोणीतरी मांडायचा. मन्मथ स्वतः उठून मांडायचा. तिने मांडलेल्या पाटावर कोणी बसत नसे. बारशाला, डोहाळजेवणाला तिला बोलावणं यायचं, पण ओटी भरायच्या वेळी, बाईला पाटावर बसवायच्या वेळी, तिने मागे सरकायचं हे ठरून गेलं होतं. विहिरीवर एकीने गंमत केली, माझ्यादेखत: "शकुंतलाबाई, आमाले नको बसवू वं, आमी उभ्याच बऱ्या." बायका हसल्या. शकुंतलाही जराशी हसली. मी माझी कळशी भरून घेतली.

ती दवाखान्यात यायची. ताप, खोकला, गावातल्या कोणाकोणाची औषधं. माझ्याशी नीट बोलायची. ते 'नीट' मला झोंबायचं. तिने भांडायला हवं होतं. भांडली असती तर मी कबूल केलं असतं — असं मी म्हणते. केलं असतं का?

मग तिचं बाळंतपण माझ्याच हातून झालं. भर दुपार, कळा जवळजवळ यायला लागल्या होत्या. दोन कळांच्या मधे तिने माझं मनगट धरलं आणि विचारलं, "बाई, तुमीच सांगतलं होतं ना? का मलेच तसं आठवते?"

राग नव्हता तिच्या आवाजात. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. इतके दिवस सगळं घर एक सांगत होतं आणि तिची एकटीची आठवण दुसरं सांगत होती. तिला स्वतःच्या डोक्याचा भरवसा वाटेनासा झाला होता. खोलीत आम्ही दोघीच होतो, पहिल्या वेळी होतो तशाच. अप्पा नव्हते, मन्मथ नव्हता, कोणाचे चेहरे नव्हते. एक 'हो' पुरला असता.

मी म्हणाले, "आता बोलू नकोस. श्वास घे."

मुलगा झाला. नाळ कापली, बाळ पुसलं, तिला चहा दिला. सगळं वेळच्या वेळी.

पहिलं खोटं भीतीने बोलले, असं एखादा म्हणेल. या दुसऱ्याला काय म्हणायचं? मी तिच्या सासूचा श्वास घेतला, मग तिची आठवणही घेतली. गेल्या वर्षी दवाखान्याच्या ओट्यावर ती एका नव्या सुनेला सांगत होती, मी आत मलमपट्टी करत होते: "मले कोनी सांगतलं नव्हतं वं. माया मनानंच केलं मी. मायीच चूक." शांतपणे सांगत होती. तिला आता तसंच आठवतं.

त्या दिवसानंतर मी दम लागलेल्या एकाही माणसाला आडवा जाऊ दिलेला नाही. पोरांशी भांडले, पाटलाशी भांडले, एका घरी तर बाजेसमोर वाट अडवून उभी राहिले. लोक म्हणतात, नर्सबाई भारी करडी. हे मी माझ्या बाजूने म्हणून सांगत नाही. त्यामुळे तिच्या हातचा पाट सुरू झालेला नाही.

आणि मला आत्ताच का लिहावंसं वाटलं, तेही सांगते.

परवा शकुंतला आली. अप्पा आता थकलेत. म्हणाली, "बाई, अप्पाचे पाय सुजून राह्यले. रातच्याला लेटलं का घुसमटते."

मी विचारलं, "मग बसवतेस ना?"

"नाई," ती म्हणाली. "मी आता कोनाले बसवत नाई."

तिने औषध मागितलं. मी माझ्या अधिकारात होतं ते दिलं आणि डॉक्टरांना दाखवायला बाजाराच्या दिवशी घेऊन ये म्हटलं. ती गोळ्यांची पुडी पदरात बांधून गेली. मी दारापर्यंत गेले. तिला हाक मारायला तोंड उघडलं होतं. ओट्यावर दोन माणसं बसलेली होती. मी आत आले.

बाजाराला अजून चार दिवस आहेत. अप्पा कोणाचं ऐकणार नाहीत. तिचं तर नाहीच. माझं ऐकतील, जर मी त्यांच्या ओसरीवर जाऊन त्या सकाळी काय खोटं बोलले ते आधी सांगितलं तर. दुसरा रस्ता मला दिसत नाही, आणि मी खूप शोधला.

काल खुर्ची बाहेर काढून पुसली. कड्यांना तेल दिलं. एका बांबूला चीर गेली होती, तो बदलला. पट्टी धुऊन वाळत घातली. सुया उकळल्या, कंदिलाची काच साफ केली, उद्याचा कापूस कापून ठेवला. सगळ्यावर काट मारली.

अप्पांच्या घरी जायचं, शकुंतलेला पाट मांडायला सांगायचं, त्यावर बसायचं, आणि सगळ्यांसमोर म्हणायचं की मीच सांगितलं होतं — ते राहिलं आहे.